गुणगौरव : कडेगाव परिसरातील शाळांच्या इतिहासाची काही पाने

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थ्यांचा गुणगौरव हा कार्यक्रम कित्येक वर्षे अखंड चालत आला आहे. श्रीफळ, शाल, प्रशस्तिपत्रक, क्वचित एखादे उत्तम पुस्तक, आणि नंतर या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर छायाचित्रासह नाव, असा त्याचा थाट असतो. ज्या घरातील मुलाचे नाव येथे छापले जाते त्या घरात ही स्मरणिका पुढे पंचवीस-तीस वर्षे जपून ठेवलेली आम्ही पाहिली आहे. तेव्हा हा गौरव लहान आहे, असे कोणी समजू नये. परंतु ही प्रथा कोठून आली, तिच्यामागे कोणाकोणाचे श्रम उभे आहेत आणि तिचा खरा हेतू कोणता, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलो व सारी हयात प्राथमिक शाळेत फळ्याशेजारी घालविली. इतिहाससंशोधक म्हणविण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि जे वाचले, ऐकले आणि नोकरीत पाहिले, ते कडेगाव परिसरापुरते एकत्र मांडावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम प्रदेशाविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. आजचा कडेगाव तालुका सांगली जिल्ह्यात असला, तरी जुन्या पिढीच्या तोंडी अद्याप ‘आम्ही सातारकर’ हे शब्द येतात आणि त्यांत चूक काही नाही. छत्रपतींचे सातारा राज्य १८४८-४९ साली इंग्रजांनी खालसा केल्यावर हा मुलूख सातारा जिल्ह्यात आला व पुढे शंभर वर्षे तेथेच राहिला. १९४९ साली दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. कडेगाव त्या काळी खानापूर तालुक्यात मोडत असे. त्याचा स्वतंत्र तालुका फार अलीकडचा. कृष्णेच्या पाण्याचा लाभ झालेली गावे थोडी आणि पावसाकडे डोळे लावून बसणारी माळरानाची गावे पुष्कळ, अशी इथली जुनी स्थिती होती. शेतीवर भागत नाही म्हणून या टापूतील कितीतरी कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी थेट दक्षिणेस आणि बंगालपर्यंत गेली. अशा मुलखात मूल शाळेत पाठविणे म्हणजे घरातील दोन हात कमी करणे होते. गुणगौरवाचा इतिहास सांगताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

इंग्रजी अमलापूर्वी गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटीवर अक्षरे गिरविली जात, परवचा म्हटला जाई. पण त्या शाळांत कुणब्याची, बलुतेदाराची मुले थोडी आणि अस्पृश्य मानलेल्यांची व मुलींची तर नाहीतच. सरकारी खेड्यांतील शाळांचा पाया घातला गेला तो १८६३ नंतर, लोकलफंडामुळे. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसविण्यात आली. तिचे दोन भाग रस्ते वगैरे कामांकडे व एक भाग शाळांकडे जाई. याचा सरळ अर्थ असा की, खेड्यातील पहिली सरकारी शाळा शेतकऱ्याच्या घामातून उभी राहिली. ती सरकारची देणगी नव्हती, की कोणा एका जातीचा उपकारही नव्हता. सारा भरणाऱ्या प्रत्येकाचा तीत वाटा होता. आमच्या प्रतिपादनाचा पहिला आधार हाच आहे.

परंतु ज्याच्या पैशाने शाळा उभी राहिली त्याचेच मूल तीत नव्हते. ही विसंगती चव्हाट्यावर मांडली ती सातारा जिल्ह्यातील कटगूण गावचे मूळ असलेल्या घराण्यातील महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन केले, ते प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावे. त्यात बक्षिसे, शिष्यवृत्त्या व शिक्षकांचे उत्तेजन यांविषयी स्वतंत्र विचार आहे. जोतीरावांचे म्हणणे असे होते की, केवळ चढाओढीने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत वरवर पाहता न्याय्य दिसते. पण ज्या वर्गांत विद्येचा शिरकावच झालेला नाही, त्यांच्यात तिच्यामुळे शिक्षणाचा प्रसार होत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी राखून ठेवाव्यात आणि त्यांच्या मुलांना सहामाही अगर वार्षिक बक्षिसे देऊन शाळेची गोडी लावावी. शिक्षकांविषयीही त्यांनी सांगितले की, खेड्यातील मास्तरास दरमहा बारा रुपयांहून कमी पगार नसावा, गावच्या कारभारात त्यास मान मिळावा आणि ज्याची मुले अधिक संख्येने परीक्षेत उतरतील त्यास पगाराखेरीज काही विशेष भत्ता द्यावा. विद्यार्थी आणि शिक्षक या दोघांच्याही गुणांची कदर कशी करावी याचा इतका नेमका विचार १८८२ साली झालेला आहे, ही गोष्ट विलक्षण आहे.

त्या काळी शाळेचा गौरवाचा दिवस म्हणजे डेप्युटी साहेबांच्या परीक्षेचा दिवस. खेड्यातील लोक त्यांना ‘दिपोटी’ म्हणत. दिपोटी येणार म्हणजे शाळा सारवली जाई, दाराला आंब्याचे डहाळे लागत, मुले धुतलेले अंगरखे घालून येत. वाचन, हिशेब, शुद्धलेखन, कविता यांची तोंडी परीक्षा होई. जी मुले चमकत त्यांना एखादे पुस्तक किंवा पाटी मिळे, आणि मास्तरांच्या कामावर शेरा पडे. त्या शेऱ्यावर मास्तरांची बढती अवलंबून असे. सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेस फार मोठी प्रतिष्ठा होती. ती उत्तीर्ण होणारास प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शके. ‘फायनल झालेला’ हे विशेषण माणसाच्या नावाला जन्मभर चिकटून राही. लग्नाच्या बोलाचालीत ते सांगितले जाई आणि गावच्या तंट्यात त्याच्या शब्दाला वजन येई.

गौरवसमारंभ कसा असावा, याचा सर्वांत मोठा धडा मात्र एका सातारकर विद्यार्थ्याच्या चरित्रात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमराव रामजी या मुलाचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्यात येऊ लागला, तो याच कारणाने. पुढे हे कुटुंब मुंबईस गेले आणि १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलगा मॅट्रिक होणे ही तेव्हा अपूर्व घटना होती. म्हणून त्यांच्या अभिनंदनासाठी सभा भरविण्यात आली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती दिले. एवढे करून केळुसकर गुरुजी थांबले नाहीत. पुढे इंटरनंतर शिक्षण अडले तेव्हा त्यांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या मुलाने पुढे काय केले, हे भारताच्या राज्यघटनेवर हात ठेवून सांगता येईल.

या घटनेतील तीन गोष्टींकडे आम्ही ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधू इच्छितो. एक, त्या मॅट्रिकच्या परीक्षेत भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण होते. त्या काळी गुण देण्याची पद्धत फार कडक होती हे खरे. पण आजच्या आपल्या गुणगौरव यादीस नव्वद टक्क्यांची जी अट आहे, तिच्या जवळपासही ते नाव आले नसते. ज्यांनी सभा भरविली त्यांनी गुणपत्रकातील आकडा पाहिला नाही. हा मुलगा कोठून निघाला आणि कोठवर आला, हे अंतर त्यांनी पाहिले. दुसरी गोष्ट, सभेचे अध्यक्ष आणि ग्रंथ देणारे गुरुजी हे दोघेही त्या मुलाच्या जातीचे नव्हते. तिसरी गोष्ट, सत्कारानंतर साहाय्य झाले. पुष्पहार दुसऱ्या दिवशी सुकतो. शिष्यवृत्ती मात्र माणसाला पुढच्या वर्गात नेते.

हाच विचार कराड-साताऱ्याच्या भूमीत प्रत्यक्ष रुजविला तो कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका पंक्तीस जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. भाऊराव स्वतः इंग्रजी सहावीपुढे गेले नव्हते. पण हुशार मुलगा दिसला की, त्याला आपल्याबरोबर घेऊन येण्याचा त्यांचा बाणा होता. बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले, हे सर्वश्रुत आहे. गुणवंताचा याहून मोठा गौरव कोणी केला असेल, असे आम्हांस वाटत नाही. ‘कमवा व शिका’ या योजनेत मुलाने श्रम करून शिकावयाचे होते. त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नसे.

शाळा काढावयाच्या तर शिक्षक हवेत, हे भाऊरावांनी ओळखले होते. म्हणून १९३५ साली साताऱ्यास त्यांनी अध्यापकांचे ट्रेनिंग कॉलेज काढले. त्यानंतर प्रांतिक सरकारच्या उत्तेजनाने ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तेथे व्हॉलंटरी शाळा निघाल्या. रयतच्या अशा शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली होती. त्या बहुतेक एकशिक्षकी असत. देवळात, चावडीत, कोठे कोणाच्या पडवीत त्या भरत. पुढे या शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे वर्ग झाल्या. १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर सर्व प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. तेव्हा आज आपण ज्यास ‘झेडपीची शाळा’ म्हणतो, तिच्या वंशावळीत लोकलफंडाचा आणा, जिल्हा लोकल बोर्ड, व्हॉलंटरी शाळेतील अर्धपोटी मास्तर आणि स्कूल बोर्ड हे सारे पूर्वज आहेत. जुन्या शाळांच्या हजेरीपटांत हा इतिहास लिहिलेला असतो. पट चाळला की कोणत्या आळीचे मूल कोणत्या साली प्रथम आले, ते दिसते.

आता आपल्याच मातीतील दोन नावे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे, आजोळी झाला. वडील लहानपणीच गेले. आईने कष्ट करून मुलांना वाढविले. कराडच्या टिळक हायस्कुलात ते शिकले. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास घडल्याने त्यांची मॅट्रिक लांबली, पण शिक्षण सुटले नाही. पुढे ते बी. ए. झाले व वकीलही झाले. हाच मुलगा महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. त्यांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली, ती ‘ई. बी. सी.’ या तीन अक्षरांनी घरोघर ओळखली जाऊ लागली. १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ निघाले व आपल्या भागातील मुलांना पदवीसाठी पुण्याकडे डोळे लावून बसण्याचे कारण उरले नाही. देवराष्ट्र्यास जन्मलेल्या एका मुलाला शाळेने जे दिले, ते त्याने लाखो मुलांना परत केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरे नाव सोनसळचे डॉ. पतंगराव कदम. जन्म ८ जानेवारी १९४४. शेतकरी कुटुंब, आणि गावात पुरेशी शाळा नाही. रयतच्या शाळेत आणि बोर्डिंगात राहून ते शिकले. गावातील पहिले मॅट्रिक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. पुढे पुण्यास जाऊन हडपसरच्या साधना विद्यालयात त्यांनी शिक्षकाचे काम केले आणि १० मे १९६४ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, भारती विद्यापीठाची स्थापना केली. आजच्या तरुणांस ठाऊक नसेल, पण या संस्थेचा आरंभ इमारतीने झाला नाही. तो परीक्षांनी झाला. ग्रामीण मुले इंग्रजी आणि गणित या दोन विषयांतच मार खातात, हे ओळखून शाळाशाळांतून त्या विषयांच्या जादा परीक्षा घेणे व उत्तीर्णांना प्रशस्तिपत्रे देणे, हे तिचे पहिले कार्य होते. मुलाच्या हातात त्याच्या दुबळ्या विषयाचे प्रशस्तिपत्र द्यावे, म्हणजे त्याची भीती जाते, ही युक्ती शिक्षकालाच सुचावी. १९९६ साली या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पतंगराव २०१८ साली निवर्तले.

स्वातंत्र्यानंतर गुणगौरवाचे स्वरूप पालटले. व्हर्नाक्युलर फायनल मागे पडली. विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली. चौथी व सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षा हा प्राथमिक शाळेचा मानबिंदू बनला. २०१६-१७ पासून त्या पाचवी व आठवीस घेतल्या जाऊ लागल्या. शिष्यवृत्तीच्या वर्गासाठी कंदिलाच्या उजेडात, रात्रीच्या मुक्कामी अभ्यास घेणारे गुरुजी ज्यांनी पाहिले, त्यांना त्या परीक्षेचे मोल निराळे सांगावयास नको. शिष्यवृत्तीची रक्कम अल्प असे. पण निकालाच्या दिवशी गुरुजींच्या कपाळी गुलाल लागे. दहावीच्या गुणवत्ता यादीत एखादे खेड्यातील नाव आले तर साऱ्या तालुक्यात पेढे वाटले जात. पुढे मंडळाने ती यादी जाहीर करणे थांबविले. पलूस येथील जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा आणि आठवीची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती यांनी गरीब घरच्या मुलांना नवे दार उघडून दिले. मुलींच्या बाबतीत तर शासनाने १९९२ साली नुसत्या हजेरीसाठी दररोज एक रुपया भत्ता ठरविला. रुपया तो केवढा. पण सहामाही बक्षिसाने गोडी लावावी, हा जोतीरावांचा विचार तेथे एकशेदहा वर्षांनी उगवलेला दिसतो.

शिक्षकांच्या गौरवाचाही थोडा परामर्श घेतला पाहिजे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ साली सुरू झाले. १९६२ पासून ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन झाला. राज्याच्या शिक्षक पुरस्कारास पुढे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. जिल्हा परिषदाही आदर्श शिक्षक निवडू लागल्या. जिल्हा परिषदेच्या शाळांतील गुणवत्तेविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी दोन अलीकडची उदाहरणे ध्यानी घ्यावीत. २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेवरील रणजितसिंह डिसले गुरुजींना. दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. २०२५ साली पुणे जिल्ह्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेस जगातील उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार लाभला. या दोन्ही शाळा खेड्यांतील आहेत.

तथापि पुरस्कारापर्यंत न पोचणारे शिक्षक पुष्कळ असतात. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्याकडून येणाऱ्या कुटुंबांची मुले आमच्या शाळेत दिवाळीनंतर दाखल होत. वांगीचा सोनहिरा कारखाना काय किंवा आसपासचे इतर कारखाने काय, धुराडे पेटले की कोप्या पडत आणि त्या कोप्यांत फिरून मुले शाळेत आणणे हे शिक्षकाचे काम असे. ही मुले उन्हाळ्याच्या तोंडी शिक्षण हमी पत्रक घेऊन परत जात. वार्षिक परीक्षा गावाकडे. त्यामुळे त्यांचे यश ना आमच्या शाळेच्या तक्त्यावर दिसे, ना त्यांच्या गावच्या. एक मुलगी तीन हंगाम अशी आली. पहिल्या वर्षी तिला अक्षरओळख नव्हती. तिसऱ्या वर्षी ती कोपीतल्या लहान भावंडांना धडा वाचून दाखवू लागली. या प्रगतीला कोणत्या यादीत स्थान आहे? आणि जिने तिला पहिले अक्षर शिकविले त्या सहशिक्षिकेचे नाव कोणत्या प्रशस्तिपत्रकावर आहे?

हा प्रश्न आजच विचारण्याचे कारण आहे. २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. त्यानंतर गावोगावच्या चौकात इंग्रजी शाळांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. ज्याला परवडते तो मुलाला गाडीत बसवितो, आणि ज्याला परवडत नाही तो कर्ज काढून बसवितो. पालकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मुलाचे हित कोणाला नको असते? पण याचा परिणाम म्हणून वाडीवस्तीवरच्या शाळांचा पट घसरला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. सारा भरणाऱ्याच्या आण्यातून जी शाळा उभी राहिली, जिच्यासाठी कोणी मंगळसूत्र मोडले, ती पटावर मुले नाहीत म्हणून बंद पडावी, ही गोष्ट मनाला लागते. आणि आपण आपल्या समारंभात नव्वद टक्क्यांची छायाचित्रे छापतो, तेव्हा त्या मुलाने पहिली चार वर्षे कोठे काढली, हे छापत नाही.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. कारण गुणगौरवाचा एक नवा धडा आपल्याच कडेगाव तालुक्याने देशाला घालून दिला आहे. करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या, मुलांच्या हाती मोबाइल आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात. मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ग्रामसभेत ठराव केला की, रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावा आणि दीड तास साऱ्या गावाने दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवावेत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे अगर एकमेकांशी बोलावे. साडेआठ वाजता पुन्हा भोंगा. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरले. प्रारंभी काही हसले. पुढे देशोदेशींची वृत्तपत्रे हे पाहावयास आली. आमच्या मते हा खरा गुणगौरव होय. येथे कोणाला हार घातला नाही. साऱ्या गावाने आपल्या करमणुकीचा दीड तास मुलांना दिला. आणि भोंगा वाजला तो सर्व आळ्यांसाठी एकच वाजला.

कडेगावास हे नवे नाही. येथील मोहरमचे गगनचुंबी ताबूत पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. त्यांतील काही ताबूत हिंदू घराण्यांचे आहेत आणि ताबुतांच्या भेटींच्या वेळी कोण कोणत्या धर्माचा हे कोणी विचारीत नाही. जी गावे सणात एकत्र येतात त्यांनी शाळेच्या अंगणात वेगळे उभे राहावे, हे शोभणारे नाही.

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत असे लिहिणे कोणास खटकेल, याची आम्हांस जाणीव आहे. आपल्या समाजातील मुलांना आपण उत्तेजन द्यावे, यात काही गैर नाही. मागे राहिलेल्या समाजांनी आपापली वसतिगृहे व शिष्यवृत्ती फंड उभे केले म्हणूनच आमच्यासारख्यांच्या घरांत अक्षर आले. परंतु ज्या बाकावर आपले मूल बसले त्याच बाकावर इतरांचीही मुले बसली होती, आणि त्यांना शिकविणारे गुरुजी बहुधा आपल्या ज्ञातीचे नव्हते. हे ऋण मान्य केल्याने आपली उंची कमी होत नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही नम्रपणे चार सूचना ठेवतो. पहिली, गौरवप्राप्त विद्यार्थ्याच्या नावाखाली त्याच्या प्राथमिक शाळेचे व गावाचे नाव आणि त्याने सांगितलेल्या एका शिक्षकाचे अगर शिक्षिकेचे नाव छापावे. तो शिक्षक कोणत्याही जातीचा असो, त्याला समारंभाचे निमंत्रण जावे. दुसरी, टक्केवारीच्या यादीबरोबर दुसरी एक यादी असावी. घरातील पहिलाच दहावी झालेला मुलगा, लग्नानंतर परीक्षा दिलेली मुलगी, मजुरी करून शिकलेला विद्यार्थी, यांची ती यादी. तिसरी, शाल-श्रीफळाचा खर्च आटोपशीर करून उरलेल्या रकमेतून दोन-तीन विद्यार्थ्यांच्या पुढील वर्षाच्या फीची अगर वसतिगृहाची जबाबदारी घ्यावी. केळुसकर गुरुजींचा कित्ता तो हाच. चौथी, दरवर्षी एका लहान शाळेस ग्रंथांची पेटी द्यावी, आणि ती त्या शाळेतील सर्व मुलांसाठी असावी. गलाईच्या धंद्यात यश मिळविलेल्या आपल्या बांधवांनी गावाकडच्या शाळांस पूर्वीही हात दिला आहे. याही कामी ते मागे राहणार नाहीत, असा भरवसा वाटतो.

यंदाच्या यादीतील सर्व विद्यार्थी-विद्यार्थिनींचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांना एवढेच सांगणे आहे की, समारंभाहून परत जाताना त्यांनी एकदा आपल्या गावच्या शाळेत जावे, तेथील हजेरीपटात आपले नाव शोधावे आणि त्याच्या वरची-खालची नावे वाचावीत. त्यांतील कोणी पुढे गेले असतील, कोणी मध्येच थांबले असतील. जे थांबले त्यांच्या घरातील धाकट्या भावंडाला एखादा धडा समजावून देण्याइतका वेळ प्रत्येकाजवळ असतो. तेवढे जरी झाले तरी या गुणगौरवाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.

इत्यलम्.